शेजारच्या काकांचा स्नो ब्लोअर

काळजी करण्यात आमच्या शेजारच्या काकांचा हात धरणारा माणूस अख्ख्या कॅनडात सापडला नसता. मूळचे नागपूरचे, कनाटा नावाच्या उपनगरातल्या एका टेलिकॉम कंपनीतून रिटायर झालेले इंजिनियर. दोन हजार सोळा साली आम्ही त्यांच्या शेजारी घर घेतलं, तेव्हा त्यांनी आधी माझं नाव विचारलं आणि लगेच, "विंटर टायर घेतले का?" तेव्हा ऑगस्ट चालू होता.

पण त्यांची सगळी काळजी एकवटली होती गॅरेजमधल्या स्नो ब्लोअरवर. मागून धरून चालवायच्या, बर्फ ओढून बाजूला फेकणाऱ्या त्या लाल यंत्राला काकू 'सवत' म्हणायच्या. ऑक्टोबर लागला की काका ते बाहेर काढत. तेल बदलत, स्पार्क प्लग पुसत, टाकीत जुनं पेट्रोल राहिलं नाही ना म्हणून तीनदा वाकून बघत. मग यंत्राच्या खालच्या पट्टीखाली पुठ्ठा सरकवून त्या उंचीवर बाजूच्या पट्ट्या कसत, म्हणजे गॅरेजसमोरचा ड्राइव्हवे खरवडला जाऊ नये. एकदा पुठ्ठा कोणता घ्यावा यावर अर्धा तास गेला. "पिझ्झ्याचा जाड पडते, बाप्पा!" शेवटी कॉर्नफ्लेक्सचा पास झाला. सगळ्यांत मोठा घोर शिअर पिनचा. बर्फ ओढणारा स्क्रू या बारक्या पिनांवर अडकवलेला असतो. काही कठीण आत गेलं की पिन मोडते आणि गिअर वाचतो. काकांच्या प्रत्येक खिशात एक जादा पिन असायची. गणपतीच्या आरतीत रुमाल काढताना एक खणकन तबकात पडली होती.

मी हसायचो. मग तो फेब्रुवारी आला. बायकोचे दिवस भरायला दोन आठवडे होते, पण सकाळी सातलाच कळा सुरू झाल्या. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि रस्ता साफ करणाऱ्या गाडीनं आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी कमरेएवढा ढीग लावून ठेवलेला. मी वेड्यासारखा फावड्यानं बर्फ उपसत होतो. बायको गाडीत बसून मोबाइलवर कळांमधलं अंतर मोजत होती.

काका यंत्र घेऊन धावत आले. भराभर रस्ता निघाला, आणि शेवटच्या ढिगात खाडकन आवाज झाला. इंजिन चालू, स्क्रू बंद. बर्फात गाडलेलं वर्तमानपत्रांचं गोठलेलं भेंडोळं आत अडकलं होतं. मी ते ओढायला हात घातला.

"हात काढ!" काका ओरडले. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली आणि काठीनं कागद उपसले. मग हातमोजे काढून उघड्या बोटांनी मोडकी पिन बाहेर ठोकली. नवी पिन बर्फात पडली. त्यांनी दुसऱ्या खिशातून दुसरी काढली.

"झालं का हो?" गाडीतून बायको कण्हली.

"झालं, पोरी, झालं," काका म्हणाले. अजून काहीच झालं नव्हतं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, पण नवी पिन त्यांनी एका झटक्यात बसवली.

पाच मिनिटांत वाट मोकळी झाली. "हळू चालव!" ते मागून ओरडले, "पण लवकर जा!"

हॉस्पिटलात पोचल्यावर तासाभरात मुलगी झाली. काकूंनी नंतर सांगितलं, आम्ही गेल्यावर काका गॅरेजच्या पायरीवर बसले ते बसलेच. चहाचा कप काकूंनीच ओठांशी धरून पाजला.

पुढे गुडघे दुखायला लागले तसे ते मुलाजवळ मिल्टन शहरात कॉन्डोत, म्हणजे सोसायटीच्या फ्लॅटात, गेले. यंत्र मला देऊन गेले, दोन पानी सूचनांसह. पहिला बर्फ पडला की फोन येतो.

"किती पडला?"

"वीस सेंटिमीटर, काका."

"इकडे माणसं येतात साफ करायला. आपण उठेपर्यंत सगळं करून गेलेले असतात." मग ते म्हणतात, "मले काही करावंच लागत नाही."

ते फोन ठेवत नाहीत. मीही ठेवत नाही.