दोरीला हात

आमच्या गावातून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला ग्रामपंचायतीची एक लांबलचक भिंत आहे. तारकर्लीकडे जाणारे पर्यटक वाट चुकले की तिथेच गाडी वळवतात. त्या भिंतीवर गावच्या जगण्याचं चित्र काढायचं असं ग्रामसभेत ठरलं आणि फुकटात काम करणारा चित्रकार म्हणून सगळ्यांना एका सुरात माझी आठवण झाली. मी नुकताच हायस्कुलातून चित्रकलेचा मास्तर म्हणून निवृत्त झालो होतो. निवृत्त माणूस गावाला आंदण दिल्यासारखाच असतो.

उचलली जीभ लावली टाळ्याला, तशा सूचना आल्या. एकाला डॉल्फिन हवा होता, एकाला दशावतारातला राजा. सरपंच म्हणाले, "मास्तरानू, जगात काय काय करतत ता मोबाईलवर बघा जरा. लोक फोटो काढूक थांबाक होये." मी मान हलवली आणि मनात ठरवलं होतं तेच केलं. काजू सोलणाऱ्या बायका काढल्या, भाताची लावणी काढली, आणि भिंतीच्या निम्म्या लांबीवर रापण काढली.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून माणसं ते वाळूवर ओढून आणतात. आमच्या रापणीचा नियम साधा आहे. ज्याचा हात दोरीला लागला, त्याला मासळीचा वाटा. वाटेने जाणारा परका माणूस सहज येऊन ओढू लागला तरी त्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत.

माझा थोरला भाऊ त्या रापणीत होता. वडील लवकर गेले, म्हणून त्याने शाळा सोडली आणि मला शिकवलं. सुट्टीच्या दिवशी होडीत जायची पाळी माझी असायची. नारळी पुनवेनंतरच्या एका सकाळी माझी पाळी होती, पण चित्रकलेच्या परीक्षेला मला मालवणला जायचं होतं. तो म्हणाला, "तू जा रे, मी आसय." मी कागदावर कळशी आणि दोन केळी काढत होतो तेव्हा इकडे लाटेने होडी उलटली. बाकीचे पोहत आले. तो आला नाही, आणि सापडलाही नाही. त्या परीक्षेत मी पहिल्या वर्गात पास झालो. त्याची आजही मला लाज वाटते.

त्यानंतर तो हंगाम संपेपर्यंत रापणीतल्या लोकांनी भावाचा वाटा आमच्या घरी पोचवला. भावाच्या वयाचा एक दोस्त तो घेऊन यायचा आणि बेड्यापासूनच, म्हणजे अंगणाच्या फाटकापासूनच, हाक मारायचा, "काकी, वाटो इलो गो!" आई अॅल्युमिनियमचा एक टोप घेऊन बाहेर यायची, वाटा घ्यायची आणि तसाच शेजारी नेऊन द्यायची. तिने मासे खाणं सोडलं होतं. पण वाटा तिने एक दिवसही नाकारला नाही. वाटा येतोय म्हणजे पोरगा रापणीत आहे, असा तिचा हिशेब असावा. पुढच्या हंगामात, रीतीप्रमाणे, वाटा बंद झाला. त्या दिवशी ती जी रडली, तशी तो गेला त्या दिवशीही रडली नव्हती. टोप तिने पडवीत खुंटीला टांगला आणि दुसऱ्या कुठल्या कामाला कधी वापरू दिला नाही.

हे चाळीस वर्षांपूर्वीचं. भावाचा घरात एकच फोटो होता. मागच्या वादळात कौलं उडाली, पेटीत पाणी शिरलं आणि फोटोचा लगदा झाला. म्हणून मी भिंतीवर रापण काढतोय हे कळल्यावर आईने मला जवळ बसवलं. ऐंशीच्या पुढची बाई, पण आवाज अगदी करारी. "तेका काढ. आणि आयक, तेका पाण्यात घालू नको हां."

मी त्याला आठवणीतून काढला. नाक, कपाळावरचा केसांचा भोवरा, डाव्या भुवईवरची खूण. पाण्यात नको म्हणून वाळूवर बसवला, गुडघ्यांभोवती हातांची मिठी घालून. दोरीची मागची माणसं कोरड्या वाळूतच असतात, तिथे त्याला सहज उभा करता आला असता. पण खरं सांगायचं तर त्याच्या हातात पुन्हा दोरी द्यायला माझा ब्रश धजावला नाही.

चित्र झाल्यावर आईला रिक्षाने घेऊन गेलो. ती भिंतीला नाक लागेल इतकी जवळ गेली. त्याच्या गालावरून तिने बोट फिरवलं. "नाक बरां जमलां रे," म्हणाली आणि हसली. इतक्या वर्षांनी ती अशी हसलेली बघून मला वाटलं, झालं, माझ्या जन्माचं काहीतरी फिटलं.

तेवढ्यात भावाचा तो वाटा आणणारा दोस्त तिथे आला. आता तो रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या आहे. केस पांढरे, गुडघे गेलेले, पण जिभेला हाड नाही. चित्र या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून तो थट्टेत म्हणाला, "मास्तरानू, सगळे ओढतत आणि ह्यो एकटो बसलो आसा! हात दोरीक नाय तर वाटो नाय हां!"

तो हसला, मीही हसलो. आईने भिंतीवरचं बोट काढलं आणि ती रिक्षाकडे चालू लागली. घरी पायरीवर बसून म्हणाली, "तो कधी बसान ऱ्हवलो नाय. तू तेका आळशी केलंस. तेचो हात दोरीक लाव."

मी हो म्हटलं. पण भिंतीचं उरलेलं टोक पुरं करायचं होतं, मग पाहुणे आले, मग पाऊस लागला. ओल्या भिंतीवर रंग धरत नाही, हे कारण तर चांगलंच हाताशी होतं. एका हाताचं काम, अर्ध्या तासाचं. मी ते उन्हाळ्यातच करू शकलो असतो.

पावसात बसून मी मोबाईलवर जगभरची शिल्पं बघायचो. कुठल्याशा वाळवंटात वाळूतून वर आलेला भलामोठा हात बघितला. एका परदेशी किनाऱ्यावर लोखंडाची पुष्कळ माणसं उभी केलेली बघितली, सगळी समुद्राकडे तोंड करून. आई शेजारी होती, तिलाही दाखवलं. व्हिडिओत भरतीचं पाणी हळूहळू त्यांच्या छातीशी, मग गळ्याशी आलं, तसा तिने माझा दंड धरला.

"बुडतत रे ते!"

"लोखंडाचे आसत, आये. सुकती लागली की परत दिसतत."

"सगळे?"

"सगळे."

तिने ते पुन्हा लावायला सांगितलं. पाणी उतरून शेवटचा माणूस पायांपर्यंत उघडा होईतो ती बघत राहिली. मग म्हणाली, "माझो एकलोच दिसलो नाय." आणि जरा वेळाने, "हात लावलंस काय रे तेचो?"

"पाऊस जांवदे, आये."

भाद्रपदात दोन दिवसांच्या तापाने आई गेली. शेवटच्या सकाळी तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी बहुतेक पुन्हा पावसाचंच नाव सांगितलं असतं.

तेरावं झाल्यावर दसऱ्याच्या आसपास ऊन पडलं. मी रंगाचे डबे घेऊन भिंतीपाशी गेलो. बैल गेला आणि झोपा केला, हे कळत होतं, तरी गेलो. गुडघ्यांभोवतीची मिठी पुसली, त्याला उभा केला, दोरीच्या शेवटी, कोरड्या वाळूत. दोन्ही हात दोरीला लावले. बोटं काढताना माझ्याच हाताकडे बघून काढली, कारण आमची बोटं सारखी होती. मी कोणाला काही सांगितलं नाही. तिथेच कठड्यावर बसून मोठ्याने रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत होतो. रापण आटपून लोक घरी परतायची वेळ. बेड्यापाशी गुडघे सांभाळत कोणीतरी थांबलं आणि चाळीस वर्षांपूर्वीच्याच चालीत हाक आली, "काकी, वाटो इलो गो!"

तांडेल होता. हातात ओल्या फडक्यात बांधलेले बांगडे आणि मूठभर तारल्या. हाक तोंडातून गेल्यावर त्याला आठवलं. तो तिथेच उभा राहिला, खाली मान घालून. मग हळूच म्हणाला, "भिंत बघलंय सकाळी. हात लागलो मा दोरीक."

मी उठलो, खुंटीवरचा टोप काढला आणि बाहेर जाऊन त्याच्यापुढे धरला.