समासातले साडेनऊ

छापखान्यात त्याला सगळे वेलांटीमामा म्हणत. मुद्रितशोधक होता. एकतीस वर्षं लाल पेन घेऊन दुसऱ्यांच्या चुका पकडण्यात गेली होती. डबा गुंडाळलेल्या कागदावर एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला दिसला, तर घास तोंडात तसाच ठेवून तो पेन शोधायचा. "आमच्या लग्नपत्रिकेत यांनी तीन चुका काढल्या," बायको सांगायची, "नवरीत मात्र एकही सापडली नाही." हे कौतुक होतं की टोमणा, ते त्याला आजवर कळलेलं नाही.

आज तो सरकारी पुस्तक-तपासणी कार्यालयाच्या बाकावर बसला होता आणि सकाळची वेळ असूनही पाठीवरून घाम निथळत होता. या सवयीनंच त्याचा घात केला होता.

त्याच्या भाचीनं कादंबरी लिहिली होती. त्या कथेतल्या देशात सरकार नको त्या माणसांचे आवाज जप्त करून बरण्यांत भरतं, मग माणसंही दिसेनाशी होतात, आणि घरचे लोक एका खिडकीसमोर रांग लावून विचारत राहतात, आमची बरणी कुठं आहे म्हणून. "असं कुठं असतं का गं?" मामानं हसून विचारलं होतं. "नसतंच ना, मामा," ती म्हणाली. "आहे तसं लिहिलं तर छापणार कोण? नसलेल्या देशातलं लिहिलं की वाचणारा आपोआप आपल्या घरी पोचतो."

कायदा असा होता की काल्पनिक देशाची गोष्ट चालेल, पण ती इथली निघाली तर लिहिणाऱ्याला चौकशीला नेणार. तिच्या वडिलांना, म्हणजे मामाच्या दाजींना, सहा वर्षांपूर्वी असंच नेलं होतं. ते परत आले नाहीत. मामा बहिणीसोबत चौकशीच्या खिडकीपुढं अकरा महिने उभा राहिला होता.

भाचीनं सत्तेचाळिसाव्या पानावर लिहिलं होतं, 'खिडकी नऊला उघडे.' वडिलांना नेलं तेव्हा ती लहान होती. नऊ हा आकडा तिनं त्या चौकशीच्या खिडकीबाहेरच्या पाटीवर वाचलेला. प्रूफं तपासताना मामाचा हात आपसूक चालला. नऊ खोडून त्यानं समासात लिहिलं, 'साडेनऊ'. गठ्ठा सीलबंद होऊन तपासणीला गेला. दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्याच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलोय. कप तसाच हातात राहिला.

"या आत," तपासनीस म्हणाला.

पन्नाशीचा गृहस्थ, बोटांना हिरवी शाई लागलेली. टेबलावर सत्तेचाळिसावं पान उघडं होतं. प्रत्येक पानावर क्रमांक आणि गोल शिक्का. एक पान जरी कमी भरलं तरी तपासनिसाचीच मान अडकायची.

"ही दुरुस्ती तुमची?"

"हो, साहेब."

"नसलेल्या देशातली खिडकी किती वाजता उघडते, हे तुम्हाला कसं माहीत?"

"मागं कुठंतरी साडेनऊ आलंय. मेळ घातला, एवढंच."

"कुठल्या पानावर?"

"बघावं लागेल."

"मी बघितलं. दोनदा वाचलंय पुस्तक. कुठंही नाही."

त्यानं खण उघडला. आत दोन शिक्के होते, 'काल्पनिक' आणि 'चौकशी'. त्यानं दुसरा उचलून शाईच्या डबीवर दाबला. मामाला बहीण दिसली, पुन्हा त्याच रांगेत, या वेळी लेकीसाठी. आपल्याच लाल पेनानं आपण भाचीला पकडून दिलं होतं.

"म्हणजे ही खिडकी समोरच्या इमारतीतली," तपासनीस चिडून म्हणाला. "आणि वर तीही चूक! साडेनऊला कुठं उघडते? दहा वाजवतात लेकाचे." बोलता बोलता त्यानं डाव्या हातानं पेन उचललं, साडेनऊ खोडलं आणि शेजारी हिरव्या शाईत लिहिलं, 'दहा'. त्याचाही जन्म दुसऱ्यांचे कागद सुधारण्यातच गेला होता.

मग त्याचा हात थांबला. दोघंही त्या पानाकडं बघत राहिले.

पाटीवर आजही नऊच लिहिलेलं होतं. खरी वेळ कळते ती रांगेत उभं राहणाऱ्यालाच. मामाला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त त्या माणसाची कणव वाटली.

"आमच्या वेळी साडेनऊ होती," तो हळूच म्हणाला. "तुमचं कोण?"

तपासनिसानं दाराकडं पाहिलं. नखानं हिरवा 'दहा' खरवडायचा प्रयत्न केला. शाई मुरली होती.

"धाकटी मुलगी. सात महिने झाले."

त्यानं हातातला शिक्का खणात ठेवला, दुसरा काढला आणि पहिल्या पानावर जोरात दाबला. काल्पनिक. गठ्ठा मामाकडं सरकवत तो एवढंच म्हणाला, "छापताना दहा करा."

पुस्तक निघालं. सहा महिन्यांनी भाची वाचनालयातली एक प्रत घेऊन मामाकडं आली. खिडकीचं पान हाताळून पार मऊ पडलं होतं. "मामा, हे बघ."

छापलेलं 'दहा' कुणीतरी पेन्सिलीनं खोडून 'सव्वादहा' केलं होतं. त्याखाली वेगळ्या अक्षरात 'आता साडेदहा'. आणखी खाली, कापऱ्या हातानं लिहिलेलं, 'हल्लि अकरा'.

मामानं ती सगळी अक्षरं एकेक करून पाहिली. डोळे भरून आले ते त्यानं लपवले नाहीत. शेवटच्या ओळीतली वेलांटी चुकली होती. पेन खिशातच होतं. त्यानं ती तशीच राहू दिली.