मापाच्या चोचीवरचा थेंब

धुळाप्पाच्या हाताला कंप नव्हता. गिरणीच्या रंगखात्यात हे सगळ्यांना माहीत होतं. तेजाबाचा काचेचा बुधला गवत भरलेल्या टोपलीत बसवून, टोपली बांबूला अडकवून दोन माणसं न्यायची. पुढं कोणीही असो, मागं धुळाप्पा पाहिजे, असं पुढचाच म्हणायचा. रेल्वेच्या वाघिणीपासून रंगखात्याच्या दारापर्यंत दोनशे दहा पावलं. चार वर्षांत एक बुधला फुटला नाही.

म्हणून मंद्रूपकर साहेबांनी त्याला लेबोरेटरीत मागून घेतलं. साहेब म्हणजे गिरणीचे केमिस्ट. १९२९ सालची ही गोष्ट. लेबोरेटरी म्हणजे शहाबादी फरशीची एक खोली, मधे लांब टेबल, भिंतीला बाटल्या. शेजारच्या खोलीत कास्टिक सोड्याच्या पाण्याचं पिंप, त्याला पितळी नव्हे, लोखंडी तोटी. पिंपातून चोचीचं एनॅमलचं माप भरायचं, बारा पावलं चालायचं, टेबलावरच्या बाटल्यांत ओतायचं, माप जागेवर ठेवायचं. दिवसाला तीसेक खेपा. वजन फार नाही. पण बुधला उचलताना अंग वापरता येतं, इथं फक्त मनगट.

पहिल्या दिवशी साहेबांनी नियम सांगितले. तेजाबात पाणी ओतायचं नाही, पाण्यात तेजाब ओतायचं, तेही बारीक धारेनं. हुंगायचं नाही. चाखायचं नाही. बोट लावायचं नाही. हात डोळ्याला न्यायचा नाही.

"आन् तमाकू?"

"बाहेर. हात धुऊन."

"मग लई धुवावं लागंल," धुळाप्पा म्हणाला. साहेब हसले नाहीत.

धुळाप्पा सांगोल्याकडचा. घरात मेंढरं होती. जुन्या घोंगड्याचा तुकडा तो छातीपासून गुडघ्यापर्यंत बांधून काम करी. तेजाबाचा शिंतोडा धोतरावर पडला, तर दुसऱ्या धुण्याला तिथं भोक. घोंगड्याला काही नाही. तो ते सगळ्यांना दाखवी. "मेंढरानं दिल्यालं हाय. तेजाब बी त्याला भितंय."

साहेबांनी एकदा ऐकलं. त्यांनी घोंगड्याची बोटभर दशी कापून घेतली, काचेच्या पेल्यात कास्टिक घेतलं, खाली दिवा लावला आणि दशी आत सोडली. धुळाप्पा समोर उभा राहिला. लोकर आधी फुगली, मग गिळगिळीत झाली, मग धागे सुटले. थोड्या वेळानं पेल्यात पिवळट पाणी तेवढं राहिलं.

"घोंगडं कुटं गेलं?"

"त्यातच आहे. विरघळलं."

धुळाप्पानं वाकून पाहिलं. आजवर त्यानं घोंगडं पावसात, चिखलात, काट्यांत वापरलेलं. आजारी आईला त्याच्यावर निजवून नेलेलं. ते असं नाहीसं झालेलं बघून त्यानं छातीवरचं घोंगडं चाचपलं.

"कातडीचंही असंच होतं," साहेब म्हणाले. "सावकाश. आणि हे तेजाबासारखं लगेच चावत नाही. आधी बुळबुळीत लागतं. माणसाला वाटतं, साबण आहे."

तेव्हापासून धुळाप्पा माप घेऊन चालताना बोलत नसे. कोणी हाक मारली तरी बारा पावलं झाल्यावरच ओ देई. एक थेंब सांडला तर दाखवा, असं तो म्हणे आणि ते खरं वाटे. धार बाटलीच्या तोंडात पडे, कडेला लागत नसे.

टेबल पुसायला आणि काचसामान धुवायला सुंदरम्मा होती. साळेवाड्यातली तेलुगू बाई. नवऱ्याला खोकल्यानं मागावर बसवत नव्हतं. घर तिच्या हातांवर चालायचं आणि ते हातच बिघडले होते. श्रावणापासून बोटांची टोकं सोलायला लागली. मग तळव्याला भेगा. भादव्यात बोटं लाल झाली, नखांच्या कडा उडाल्या. ती लुगड्याच्या पदरात हात लपवून येई.

रावजी मुकादमानं ते पाहिलंच.

"बाई, हात दावा. हं. कवापास्नं?"

"पाण्याचं काम आहे, मुकादम."

"आमच्या बी घरात बायका पाण्याचं काम करत्यात. असं न्हाय होत." तो दोन पावलं मागं सरला. "दिवाळीपत्तुर बघतो. मग दुसरी बाई. हितं पाचशे मानसं पानी पित्यात."

महारोगाचं नाव त्यानं घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. ते नाव एकदा लागलं की गिरणीच काय, गल्लीतल्या नळावरही तिला कोणी उभं करणार नव्हतं.

"धुळाप्पा अन्ना," ती त्या दिवशी म्हणाली, "अंगावर कुठं डाग नाही. बोटाला टाचणी टोचली तर कळतंय. मग कसं ते असेल?"

आपल्याकडून एवढंच, म्हणून धुळाप्पा तिच्या बादल्या भरून देऊ लागला.

खंडेनवमी आली. गिरणीत त्या दिवशी हत्यारांची पूजा. साच्यांना, म्हणजे मागांना, झेंडू, इंजिनाला नारळ. लेबोरेटरीत साहेब फुलं चालू देत, उदबत्ती नाही. सकाळच्या खेपा झाल्या होत्या, सुंदरम्मानं ओल्या फडक्यानं टेबल पुसलं होतं. धुळाप्पा घरून बिरोबाचा भंडारा घेऊन आला होता. चांगली दळलेली हळद. त्यानं चिमूट चिमूट तराजूला लावली, दिव्याला लावली, मग मूठभर घेऊन "बिरोबाच्या नावानं" म्हणत टेबलावर उधळली.

हळद टेबलावर बसली आणि लाल झाली.

सगळी नाही. एक पट्टा, फडकं फिरवल्यासारखा. काही ठिपके. मापाच्या जागेवर एक पुरतं वर्तुळ, रक्तासारखं.

धुळाप्पाचा हात हवेतच राहिला. रावजी फुलांची पाटी घेऊन दारात आला होता. "काय रं, द्येवाला लेबटरीत आनलास, आन् द्येव कोपला की!"

"कोप नाही," सुंदरम्मा हळूच म्हणाली. ती टेबलाजवळ वाकली होती. "कुंकू आहे. आम्ही करतो घरी. हळदीत चुना पडला की असंच लाल होतं."

साहेब खुर्चीवरून उठले. त्या वर्तुळावर वाकले. "चुना नाही," ते म्हणाले. "पण चुन्याचाच भाऊबंद. कास्टिक." मग साहेब तेजाब-कास्टिक ओळखायचा परदेशी कागद आणायला कपाटाकडे वळले; तो डबीत मोजून ठेवलेला असे. पण हळदच त्या कागदाचं काम करत होती, म्हणून कपाट न उघडताच ते परत आले.

धुळाप्पानं राहिलेल्यातला मूठभर भंडारा भांड्यात पाण्यात कालवला आणि पिंपाच्या खोलीपासून फरशीवर शिंपडत आला. शिंपडताना मागं बघितलं नाही. टेबलापाशी पोचून वळला.

हळदीनं पिवळ्या झालेल्या फरशीवर पैशाएवढे लाल ठिपके. दर पावलाला एक. बारा. त्याच्याच चालीचं अंतर.

"मी सांडलं न्हाय," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच लहान वाटला.

साहेबांनी माप उचलून त्याच्या हातात दिलं. "ओत. पाणी ओत."

धुळाप्पानं ओतलं. धार सरळ, बाटलीच्या तोंडात. माप उभं केलं. चोचीवर एक थेंब राहिला. तो बाहेरच्या अंगानं घरंगळला, बुडापर्यंत गेला आणि तिथं लोंबत राहिला.

घरी शेळीचं दूध ओतताना असा थेंब राहिला की तो अंगठ्यानं पुसून कपाळाला लावायचा. लहानपणापासूनची सवय. इथं अंगठा लावायचा नाही, हा नियम त्यानं इतका कडक पाळला, की त्या थेंबाकडं बघायचंच सोडून दिलं होतं. तोच थेंब बुडाशी जाऊन पिंपाकडं परत चालताना गळत होता, टेबलावर वर्तुळ करून बसत होता. आणि सुंदरम्मा रोज माप बुडाखाली तळहात घालून उचलायची, खालचं ओलं त्याच फडक्यानं पुसायची, फडकं पिळायची. बुळबुळीत. साबणासारखं.

"मुकादम," धुळाप्पा म्हणाला, "थांबा जरा." आणि सुंदरम्माला म्हणाला, "अक्का, हात पुढं करा."

तिनं पदरातून हात काढले. त्यानं दोन्ही तळव्यांवर भंडारा टाकला. भेगांमधून लाल रेघा उमटल्या. रावजीच्या पाटीतला एक झेंडू खाली पडला.

मग धुळाप्पानं घागरी आणल्या. एक, दोन, तीन. साहेब घड्याळ धरून उभे होते. तो ओतत राहिला, ती हात चोळत राहिली. पंधरा मिनिटं. बाई दात आवळून होती, पण हात मागं घेतला नाही. हात टिपले. धुळाप्पानं उरलेली चिमूट टाकली.

हळद पिवळी राहिली. सगळे बघत होते. पिवळीच राहिली.

"रोग असता तर पाण्यानं गेला असता व्हय?" धुळाप्पानं विचारलं. "ह्यो माजा थेंब हाय, मुकादम. बाईचा रोग न्हाय. लिवायचं तर माजं नाव लिवा."

रावजीनं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी होकाराची मान हलवली. रावजी खाली वाकून झेंडू वेचू लागला. "दिवाळीचं म्या काय बोललोच न्हाय," तो म्हणाला.

साहेबांनी एका बाटलीतलं पातळ तेजाब, खाण्याच्या शिरक्याहून कडक नसेल, फडक्यावर घेतलं आणि टेबलावरच्या लाल वर्तुळावरून फिरवलं. कुंकवाची पुन्हा हळद झाली. धुळाप्पानं नकळत हात जोडले. कोणाला, हे त्याला त्या वेळी सांगता आलं नसतं.

त्यानंतर मापाच्या चोचीला काचेची कांडी टेकवून शेवटचा थेंब बाटलीतच उतरवायचा, माप थाळीत ठेवायचं, असं ठरलं. सुटीच्या भोंग्याआधी हळदीच्या पाण्याचं फडकं टेबलावरून, फरशीवरून आणि मापाच्या बुडावरून फिरायचं. बोट दाखवायला कोणी नसलं तरी धुळाप्पा ते फिरवायचा. काही दिवस बारा पावलांत दोन ठिपके यायचे. मग एक. कार्तिकात एक दिवस फडकं सगळीकडं पिवळं राहिलं.

तो ते घेऊन सुंदरम्माकडं गेला. ती काचेचे पेले धूत होती. बोटांवर नवी कातडी आली होती, गुलाबी, पातळ.

"बघा अक्का."

तिनं फडकं बघितलं नाही. पूर्वीसारखाच ओला तळहात बुडाखाली घालून माप उचललं, थाळीत ठेवलं आणि पुढचा पेला घेतला.