गायरानाचा ठराव

आमच्या गावच्या दूध संस्थेचा मी सोळा वर्षं सचिव होतो. सचिव म्हटलं की लोकांना ऑफिस आणि खुर्ची दिसते. माझं काम म्हणजे सकाळ-संध्याकाळ दुधाचं माप घ्यायचं, फॅट काढायची, चिठ्ठी लिहून हातात द्यायची आणि कॅन टेम्पोत चढवायचे. आष्टी आणि शिरूर कासारच्या मधला आमचा भाग कोरडा. शेतीचं खरं नाही, म्हणून गायी-शेळ्यांवर घरं चालतात, आणि ती जनावरं जगतात गायरानावर. गावाच्या उत्तरेला डोंगरापर्यंत पसरलेलं हे गायरान. त्याच्या टोकाला पाझर तलाव.

दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव रिकामं होतं. जोडपी कोयते घेऊन ट्रॅक्टरवर बसतात आणि ऊस तोडायला साखर कारखान्यांवर जातात ती गुढीपाडव्याच्या सुमारास परत येतात. मागं राहतात म्हातारी माणसं, जनावरं आणि विहिरीवाले. मी विहिरीवाल्यांतला.

त्या वर्षी पाऊस जवळजवळ आलाच नव्हता. तोडीला गेलेल्यांत माझा थोरला चुलतभाऊ आणि भावजय होते. ह्या भावजयीला मी वैनी म्हणतो. दोन गायी आणि बारा-पंधरा शेळ्या तिच्या. सासूच्या, म्हणजे माझ्या चुलतीच्या, हवाली करून ती जायची. संस्थेत दूध घालायला लागली तेव्हा ती अंगठा करायची. मीच तिला सही शिकवली होती. फॅटच्या चिठ्ठीच्या पाठीमागं रोज एकदा गिरवायची. महिनाभरात जमली, तेव्हा तिनं ती चिठ्ठी घरी नेऊन देवाच्या फोटोमागं ठेवली.

त्या हिवाळ्यात गायरानावर पांढरी जीप यायला लागली. माणसं उतरायची, तिवईवर दुर्बीण लावायची, लाल रंगाच्या खुंट्या ठोकायची. सूर्यावर वीज करायची कंपनी आहे असं कळलं. मग एका सकाळी चेअरमन संस्थेत आले. दूध संस्थेचे चेअरमन तेच, आणि सरपंच त्यांची सून, त्यामुळं गावाचा कारभार त्यांच्या ओसरीवरूनच चालायचा.

"गायरानाचा ठराव घ्यायचाय," ते म्हणाले. "ग्रामसेवकाचं अक्षर म्हंजे कोंबड्याचे पाय. तू लिही."

"माणसं तोडीला गेल्यात की," मी म्हणालो.

"माणसं आल्यावर काय होणार? दगडं हायेत तिथं, दगडं. कंपनीची लाईट आली की आपला कूलर चोवीस तास चालंल बघ."

कूलरचं नाव काढलं आणि मी हो म्हणालो. संस्थेत दूध थंड करायचा मोठा कूलर आला होता, पण उन्हाळ्यात दिवसभर वीज नसायची. कितीदा तरी दूध नासून परत आलं होतं आणि बायकांच्या शिव्या मी खाल्ल्या होत्या. मला वाटलं, ह्यानं माझं दूध वाचेल.

ग्रामसभेला आम्ही जेमतेम वीस-बावीस माणसं होतो. 'सर्वानुमते मंजूर' असं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. सह्यांच्या वेळी चेअरमन माझ्याकडं वळले. "संस्थेच्या सभेची पानं हायेत ना तुझ्याकडं? कोरी?"

होती. तोडीला जाण्याआधी सभासदांच्या सह्या मी सुट्या कागदांवर घेऊन ठेवायचो. संस्थेची वार्षिक सभा पौषात असायची आणि तेव्हा कुणी गावात नसायचं. वर मथळा मी नंतर लिहायचो. लोक विचारायचेही नाहीत कशाला म्हणून. सचिव म्हणतोय म्हटल्यावर सही करून ट्रॅक्टरवर चढायचे.

मी कपाट उघडलं आणि ती पानं काढून दिली. मला कुणी धरलं नव्हतं, मारलं नव्हतं. किल्ली माझ्या कमरेला होती आणि कपाट मीच उघडलं. दुसऱ्या पानावर वैनीची सही होती. ती मी पाहिली, आणि तरी दिलं.

पाडव्याला ट्रॅक्टर परत आले तेव्हा निम्म्या गायरानाला तारेचं कुंपण पडलं होतं. एक मशीन लोखंडी खांब जमिनीत ठोकत होतं. त्याचा धाड-धाड आवाज घराघरात यायचा. तलावाकडं जाणारी जनावरांची वाट कुंपणाच्या आत गेली होती. वैनी ट्रॅक्टरवरून उतरली ती बोचकं घरात न ठेवताच तिकडं गेली. गेटवर चेअरमनच्या भावकीतली माणसं राखणीला उभी होती. त्यांनी तिला ठरावाची झेरॉक्स दाखवली. सही वाचण्याइतकं तिला येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॅन घेऊन संस्थेत आली. रांगेत तीस-चाळीस माणसं होती. तिची पाळी आली. मी माप पुढं केलं, पण तिनं कॅन खाली ठेवलाच नाही.

"भावजी, माझी सही कुठं कुठं हाय?"

"म्हंजे?"

"मी तवा उसात व्हते. पायात काटा मोडून पाय सुजलता, पालावर पडून व्हते. मग गायरान दिलं म्हून सही करायला मी कवा आलते?"

मी म्हणालो, "वैनी, ते चेअरमननी..."

"चेअरमनला माझी सही येत न्हाई. तुमाला येती. तुमीच शिकवली."

कॅन तसाच घेऊन ती चालू लागली. तिच्यामागून दुसरी बाई गेली, मग तिसरी. आष्टीच्या खाजगी डेअरीची एक गाडी फाट्यावर यायची. ती माप कमी धरायची हे सगळ्यांना माहीत होतं. तरी त्या दिवसापासून सगळं दूध फाट्यावर जायला लागलं. माझ्यासमोर चेअरमनच्या घरचे चार कॅन राहिले.

मग गाव आमच्यावर उठलं. सलूनमध्ये मी बसलो की शेजारचा उठून बाहेर जायचा. माझ्या गोठ्यातल्या गायीला वैरण पाहिजे होती, तर पैसे देऊनही कुणी पेंढी देईना. माझी विहीर आटली होती आणि पाण्याचा सरकारी टँकर एक दिवसाआड यायचा. माझ्या बायकोची घागर रांगेत पुढं असली तरी उचलून शेवटी ठेवायचे. तीन खेपा तिनं उरलंसुरलं पाणी आणलं. चौथ्या खेपेला रिकामी घागर घेऊन आली आणि ती माझ्या पायापाशी आपटली.

"तुमी कागद दिले, आणि पाणी माझं बंद. आता तुमीच जावा आणि भरून आणा."

मी गेलो. बायकांनी रांगच मोडली आणि टँकरभोवती गोल उभ्या राहिल्या. एकीनंही वाट दिली नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी रिकामी घागर घेऊन घरी आलो.

तिकडं गायरानावर रोज भांडण. बायका शेळ्या घेऊन कुंपणाला भिडायच्या, राखणीवाले काठ्या आपटायचे. एकदा तारेत अडकून वैनीची गाभण शेळी मेली. तिनं ती ओढत नेऊन चेअरमनच्या ओसरीवर टाकली. चेअरमन आतून ओरडले, "उचल ती घाण!" ती म्हणाली, "तुमीच उचला. जागा तुमची, शेळीबी तुमचीच." पोलीस आले, दोघां-तिघांना घेऊन गेले, संध्याकाळी सोडलं.

तोडवाल्यांनी तहसीलला तक्रार केली आणि चौकशी लागली. मला नोटीस आली. आदल्या दिवशी चेअरमननी ओसरीवर बोलावलं. चहा दिला. मग म्हणाले, "सांगायचं एवढंच की सगळे सभेला हजर होते."

"ते उसात होते हे मुकादमाच्या हजेरीत असंल की."

"कशाला एवढा इचार करतो रं? मुकादम माझा हाय. तू तुझं बघ. सोळा वरीस खुर्चीवर कुणी बसवलं तुला?"

मी चहा संपवला. खरं सांगतो, तेव्हा मी काहीच ठरवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आष्टीला जाणाऱ्या त्यांच्या जीपमध्ये मीही बसलो होतो.

तहसील कचेरीत एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला तोडवाले. वैनी पुढं होती, फाटक्या टाचांवर उकिडवी बसलेली. अधिकाऱ्यानं ती पानं माझ्यापुढं ठेवली. "ह्या सह्या सभेत तुमच्यासमोर झाल्या का?"

पानांच्या कडेला एका जागी तेलकट डाग होता. दुधाच्या फॅटचा. आमच्या टेबलावर ठेवलेल्या प्रत्येक कागदाला तो लागतोच. तो बघून माझ्या तोंडून निघालं, "नाही साहेब. ही दूध संस्थेची पानं आहेत. दिवाळीच्या आधी घेतलेली."

"मग इथं कशी आली?"

"मी दिली."

"कुणी सांगितलं म्हणून?"

मी चेअरमनचं नाव घेतलं. ते माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. फक्त घड्याळ काढून पुन्हा बांधलं. अधिकारी लिहीत होता. "म्हणजे खोटं करण्यात तुम्हीही होता," तो न बघताच म्हणाला. मी हो म्हणालो.

बाहेर आल्यावर चेअरमनच्या पुतण्यानं माझी कॉलर धरून मला भिंतीवर ढकललं. चेअरमन जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "सोड त्याला. येऊ दे चालत." जीप गेली. तोडवाले टेम्पोत चढत होते. मला वाटत होतं कुणीतरी म्हणेल, चला आमच्याबरोबर. वैनी टेम्पोच्या फाळक्याला धरून थांबली.

"भावजी, आज खरं बोलला म्हून बरं वाटलं आसंल तुमाला."

ती फाळक्यावरून आत चढली.

"आमाला न्हाई वाटलं. खांब उपटून कुणी देणार न्हाई आता."

टेम्पो निघून गेला. मी एसटीची वाट बघत स्टँडवर बसलो.

तिचं खरं झालं. ठराव रद्द झाला, पण तोवर निम्मं काम उभं होतं, आणि उभं झालेलं कुणी काढत नाही. श्रावणात सगळी माणसं गावात असताना पुन्हा ग्रामसभा भरली. खुर्च्या उडाल्या, एकाचं डोकं फुटलं, सरपंचबाई रडत आत गेल्या. शेवटी संध्याकाळी ठरलं ते एवढंच, की उभा झालेला भाग राहील. डोंगराकडचं आणि तलावाकडचं गायरान कंपनीनं सोडायचं आणि जनावरांना तलावाची वाट मोकळी करायची. तो ठराव वैनीच्या बारावीतल्या मुलीनं लिहिला. मी कोपऱ्यात उभा होतो. लिहिताना ती 'अनुमोदक' शब्दापाशी अडली, तेव्हा मी पुढं झालो. वैनी म्हणाली, "तुमी नका सांगू." मुलीनं तो तिच्या मनानं लिहिला. चुकीचा लिहिला. तसाच राहिला.

मला संस्थेतून काढलं. चेअरमननी काढलं, आणि तोडवाल्यांनी त्यावर एक शब्द काढला नाही. बायकांनी आपली वेगळी संस्था काढली. चेअरमनची संस्था वर्षभरात बंद पडली. तो कूलर अजून तिथंच आहे, शेळ्या त्याच्या सावलीला बसतात. कंपनीची वीज गावाच्या डोक्यावरून मोठ्या तारांनी निघून गेली. आमचं भारनियमन होतं तसंच राहिलं.

पुढचा उन्हाळा त्याहून वाईट आला. उरल्यासुरल्या विहिरीही तळाला गेल्या. आणि वैशाखात आम्ही पाहिलं, की कंपनीचा टँकर काचा धुतोय. धुळीनं वीज कमी होते म्हणून एक माणूस पाइप धरून पाणी मारत चालला होता, आणि ते पाणी काचांवरून ओघळून दगडांत जिरत होतं. कुंपणाच्या अलीकडं पाण्याच्या रांगेतल्या बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. कुणी आवाज दिला कोण जाणे, त्या सगळ्या मिळून गेटवर गेल्या आणि टँकरसमोर आडव्या बसल्या. मीही गेलो. आपणही बसावं म्हणून त्यांच्यामागं टेकलो.

वैनीनं मान वळवून पाहिलं. "उठा. हितं तुमचं काम न्हाई."

"वैनी, मीबी याच गावचा..."

"उठा म्हनले ना!"

मी उठलो आणि रस्त्याच्या पलीकडं लिंबाखाली जाऊन उभा राहिलो. दुपारभर उभा होतो. शेवटी कंपनीचा इंजिनिअर आला, बराच वेळ फोनवर बोलला, आणि टँकर गावच्या हौदात रिकामा झाला. तेव्हापासून काचा कोरड्या ब्रशनं पुसतात. हौदावर माझ्या बायकोला तिच्या नंबरानं पाणी मिळालं.

आता मी बायकांच्या संस्थेत दूध घालतो. वैनीची मुलगी माप घेते, माझा खातेनंबर मोठ्यानं पुकारते. काका म्हणत नाही. दिवाळीनंतर चुलतभाऊ आणि वैनी परत तोडीला निघाले, त्या सकाळी मी निरोप द्यायला गेलो होतो. भाऊ म्हणाला, "आलास का." वैनी ट्रॅक्टरवर बसून भाकऱ्यांचं फडकं आवळत होती. खाली उभ्या सासूला ती सांगत होती, "आमी नसताना कुणी कागद घेऊन आलं तर दार लावून घ्यायचं. कुणीबी येऊ दे. भावजी आले तरीबी."

मी समोरच होतो. चुलतीनं माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली.

"व्हय," ती म्हणाली. "त्याला तर अजाबात न्हाई."