खांदशेकणीचं आवतन

आमच्या घरात माणसांना जनावरांची नावं द्यायची खोडच होती. भाव पाडून मागणारा दलाल तो कोल्हा, उगाच मागे मागे फिरणारी चुलती ती मांजर, आणि मी एकुलता एक म्हणून आईचा वाघ. सगळं हसण्यावारी जायचं. 'बैल' हे नाव मात्र मी स्वतः ठेवलं होतं, आणि म्हातारपणीही ते मला खुपतं.

विलायतेला दुसरीकडून कापूस मिळेनासा झाला होता, ती वर्षं. अकोटच्या बाजूला आमची काळी जमीन होती. आमच्या गाड्या अमरावतीच्या बाजारात पोचल्या की कापूस हातोहात उठायचा. काम वाढलं म्हणून वडिलांनी पाडव्याला परगावचा एक सालदार ठेवला, वर्षाच्या बोलीनं घरी राबणारा गडी. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, रुंद खांद्याचा, अबोल. पहिल्याच आठवड्यात मी त्याला गाडी घेऊन नाल्याकाठी थांबायला सांगितलं आणि साफ विसरलो. तो दिवसभर उन्हात थांबला. संध्याकाळी परत आला तेव्हा चूक माझी होती हे कबूल करायला जीभ रेटेना, म्हणून चारचौघांत म्हणालो, "तू तं बैलच हायेस. हाकल्याबिगर हालत नाही." लोक हसले. माझी चूक झाकली गेली आणि त्याला नाव चिकटलं.

वर्षा-दोन वर्षांत गावही त्याच्या झोपडीला बैलाचं घर म्हणू लागलं. वडील त्याला खऱ्या नावानं हाक मारत असतील, पण मी कधी कान दिला नाही. मग वडील वारले आणि कारभार माझ्या हाती आला. डोक्यात हवा गेली होती. त्या वर्षी पोळ्याला मी बैलांच्या शिंगांच्या टोकांना चांदीच्या शेंब्या करवल्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे जुवानं सोलवटलेले खांदे लोणी-हळदीनं शेकतात आणि उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतन देतात. बैलापुढं आम्ही असे हात जोडतो, आणि माणसाला खाली पाडायचं असलं की त्याच बैलाचं नाव घेतो. हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी अमरावतीचे दोन दलाल ओट्यावर बसले होते. सालदारही पाहुणे घेऊन आला होता. त्याच्या मुलीला मागणी आली होती, आणि मालकाकडे आपली पत काय आहे हे त्याला मुलाच्या बापाला दाखवायचं होतं. सकाळीच तो मला म्हणाला होता, "मालक, दोन शब्द चांगले बोलजा." एवढ्या वर्षांत त्यानं मागितलेलं ते एवढंच. मी हो म्हटलं होतं.

बैलांचे खांदे शेकून झाले. पळसाच्या पानावर थोडं लोणी उरलं होतं. दलाल हसतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी ते लोणी सालदाराच्या खांद्याला फासलं आणि हात जोडून म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दलाल पोट धरून हसले. मुलाचा बापही हसला. मग हसणं थांबवून त्यानं सालदाराकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, तेव्हा मला कळलं की मी काय करून बसलो. सालदारानं खांदासुद्धा पुसला नाही. पाहुण्यांना घेऊन तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही. बैलाच्या घरची सोयरीक आम्हाला नको, असं सांगून पाहुणे पहाटेच गेल्याचं गावात कळलं. मी कुंकू-अक्षता घेऊन त्याच्या घरी गेलो, रीतसर आवतन द्यायला. दारात त्याची बायको उभी राहिली. मी म्हणालो, जेवायला पाठवा.

"कोनाले?" तिनं विचारलं. "नाव घ्या, मंग सांगीन."

मी तोंड उघडलं आणि मला नाव आठवेना. आठवेल कुठून, मला ते ठाऊकच नव्हतं. ती तर नवऱ्याचं नाव घेणार नव्हती, बायका घेतच नसत. मी अक्षता मुठीतच घेऊन परतलो.

पाडव्याची वाट न पाहता ते कुटुंब गाव सोडून गेलं. पुढच्या हंगामात तो मला अमरावतीच्या बाजारात दिसला, गाड्यांवरून कापूस उतरवत होता. सोबतचा हमाल त्याला नावानं, वर भाऊ लावून हाक मारत होता आणि हा ओ देत होता. असं ते नाव मला कळलं. इथं लिहीत नाही, ते लिहायचा मला हक्क नाही.

मुलीचं कुठं जमलं का, एवढं विचारायचं होतं. मी त्याच नावानं हाक मारली. एकदा मारली, मग मोठ्यानं मारली. तो चार हातांवर पाठमोरा होता, पण वळला नाही. रागानं नव्हे. आवाज त्यानं ओळखलाही असेल, पण माझ्या तोंडून ते नाव त्यानं कधी ऐकलंच नव्हतं, दुसऱ्या कुणाला तरी बोलावतात असंच त्याला वाटलं असणार. तो वळेल अशी एकच हाक माझ्यापाशी होती. ती ओठांवर आली आणि मी तोंड दाबून मागे फिरलो.