महिनाभरापूर्वी प्यालेलं पाणी

नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी माझा रिपोर्ट दोनदा वाचला आणि विचारलं, "महिना-दीड महिन्यापूर्वी तुम्ही कुठलं पाणी पीत होतात?"

मला आठवा महिना लागला होता. मला वाटलं होतं, मॅडम आधी बाळाबद्दल बोलतील. मी म्हणाले, नळाचंच. हिंगोलीत राहतो, पाचव्या-सहाव्या दिवशी नळ येतो, तेच टाकीत भरून ठेवतो.

त्यांनी रिपोर्टवरच्या एका नावावर बोट ठेवलं. हिपॅटायटिस ई. काविळीचाच एक प्रकार. याचा विषाणू माणसाच्या विष्ठेतून पाण्यात उतरतो आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातो. तिथं तो कधी दोन आठवडे, कधी दोन महिने गप्प राहतो. म्हणून त्यांनी आजचं पाणी विचारलं नव्हतं, जुनं विचारलं होतं. बहुतेकांना ही कावीळ होते आणि विश्रांतीनं बरी होते. "पण शेवटच्या महिन्यांतल्या बाईला ती जड जाऊ शकते," मॅडम म्हणाल्या. "लिव्हर, म्हणजे यकृत, अचानक काम सोडू शकतं. तुम्हाला आता इथून हलता येणार नाही."

माझे मिस्टर शेजारी उभे होते. ते एसटीत कंडक्टर आहेत, गर्दीत बोलायची त्यांना सवय आहे. त्या दिवशी त्यांनी हळू आवाजात भरतीचे कागद कुठं भरायचे तेवढं विचारलं.

ज्यांच्या घरात आज कुणी पोटुशी आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. माझं नाव प्रज्ञा. कोर्टासमोरच्या एका दुकानात मी टायपिंग करते. दुसऱ्यांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप केली, स्वतःचं असं काही पहिल्यांदाच लिहिते आहे.

सुरुवात दहा-बारा दिवस आधी झाली. भाकरीचा वास नको वाटायला लागला. अंगात कणकण होती. मला वाटलं, दिवसांमुळं होत असेल. मग लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली. पोटात पाणी कमी जात असेल म्हणून मी आणखी दोन तांबे पाणी पिऊ लागले, त्याच टाकीतलं. तळहात खाजायचे. तरी मी तीन दिवस दुकानात जाऊन बसले. शेवटी माझी पाच वर्षांची मुलगी सांची वेणी घालून घेताना वळून म्हणाली, "मम्मी, तुझे डोळे पिवळे काहून झाले?"

शेजारच्या भाभींनी एका गावचा झाडपाला सांगितला. माझी माय साखऱ्याला, माझ्या माहेरी राहते, तिचाही फोन आला की तिकडं एक जण काविळीचं औषध देतो, घेऊन या. ह्यांनी गाडी काढलीही होती. पण जाता जाता गावातल्या माझ्या डॉक्टरांना दाखवावं म्हणून थांबलो. त्यांनी एलएफटी केली. यकृत किती बिघडलंय ते सांगणारी ती रक्ताची तपासणी. रिपोर्ट हातात येताच त्यांनी स्वतः अॅम्ब्युलन्सला फोन लावला. त्या दिवशी झाडपाल्याला गेलो असतो तर मी आज लिहायला नसते.

माय दुसऱ्या दिवशी पोचली. वडील गेल्यापासून साखऱ्यात दोन एकर कोरडवाहू ती एकटीच बघते. सोयाबीन उभं सोडून आली होती. सांचीला तिच्या आत्याकडं ठेवलं.

वॉर्डातले दिवस एकसारखे असायचे. सकाळी रक्त घ्यायचे. पीटी-आयएनआर नावाची तपासणी रोज व्हायची, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते त्यात कळतं. यकृत थकलं की रक्त लवकर गोठत नाही, आणि मग बाळंतपण धोक्याचं होतं. त्यानंतर मॅडम यायच्या आणि रोज तेच विचारायच्या. आज वार कोणता, तुमचं गाव कोणतं, दोन्ही हात पुढं करून पंजे वर धरा. पंजे पाखरासारखे फडफडले तर रक्तातलं विष मेंदूपर्यंत पोचलं, असं समजतात. मी पंजे धरून ठेवायचे आणि मॅडमच्या डोळ्यांत बघायचे.

तोंड कडू झालं होतं. तहान लागायची आणि पाण्याचा घोट नको वाटायचा. डोळे मिटले की साखऱ्याची विहीर दिसायची. शाळा सुटल्यावर आम्ही पोरी दप्तर बांधावर टाकून आधी तिथं पळायचो, ओंजळीनं प्यायचो, कोपरावरून पाणी गळायचं. त्या पाण्याला जरा तुरट चव होती. मला वाटायचं, तेवढी एक ओंजळ मिळाली तर मी उठून बसेन. मायला सांगितलं तर ती म्हणाली, "आणते की बाई, पुढल्या खेपेला कॅनभर आणते." मॅडमनी ऐकलं आणि हसून नाही म्हणाल्या. विहिरीचंही उकळल्याशिवाय द्यायचं नाही.

आणि सांची. लहान मुलांना वॉर्डात सोडत नव्हते. फोनवर ती दोन मिनिटं बोलायची आणि खेळायला पळायची. एका रविवारी हे तिला घेऊन आले आणि खाली लिंबाच्या झाडाखाली उभे राहिले. मायनं मला धरून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी नेलं. सांचीनं शाळेचा गणवेश घातला होता. आज रविवार आहे, गणवेश काहून, मी मायला विचारलं. माय म्हणाली, तिनंच हट्ट केला, मम्मीला दाखवायचाय म्हणून. हे वर बोट करून दाखवत होते. ती हात हलवत होती, पण दुसऱ्याच खिडकीकडं बघून. मी हाक मारली, माझा आवाज खिडकीच्या बाहेरही गेला नाही. ती त्या दुसऱ्या खिडकीकडं बघून हात हलवत राहिली, मग ह्यांच्या बोटाला धरून गेली. माझ्या अंगाला तिचा गंध नव्हता, तिच्या केसांचं तेल माझ्या बोटांना नव्हतं. तो दिवस मला सुईपेक्षा जड गेला.

दोन दिवसांनी सकाळी मॅडमनी वार विचारला. मी म्हणाले, "साखरा." हे मला मायनं नंतर सांगितलं. माझ्याकडं त्यापुढचे चार दिवस नाहीत.

शुद्ध आली तेव्हा दुपार होती. दुसरा वॉर्ड होता, नाकात नळी होती. मी आधी पोटावर हात ठेवला. पोट सपाट होतं. माय उशाशी बसली होती. तिनं माझा हात पोटावरून उचलून स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाली, "पोरगं झालं होतं, प्रज्ञा. दोन दिस होतं. काल गेलं."

माझं बाळंतपण आपोआप झालं होतं. रक्त गोठावं म्हणून मला एफएफपी चढवलं होतं, म्हणजे दुसऱ्या माणसांच्या रक्तातला पिवळा पातळ भाग, कितीतरी पिशव्या. कुणाचं होतं ते मला कधी कळणार नाही. बाळ दिवसांच्या आधीचं, दीड किलोचं होतं, काचेच्या पेटीत ठेवलं होतं. ह्यांनी त्याला साखऱ्याला नेऊन मायच्या शेतात, बोरीजवळ ठेवलं. मी शुद्धीवर येईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. ह्यांच्या फोनमध्ये एकही फोटो नव्हता. काढावासा वाटला नाही, म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. त्याबद्दल मी जास्त लिहू शकत नाही. सिस्टरनं घट्ट फडकं बांधून दिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिली.

डोळ्यांचा पिवळेपणा हळूहळू उतरला. बावीस दिवसांनी घरी आले. सांची दारातच लाजली, आधी आत्याच्या मागं लपली. तिनं भाऊ कुठंय असं विचारलं नाही. तिला कुणी काय सांगितलं होतं, मी आजवर विचारलेलं नाही.

पाणी कुठं बिघडलं ते मला शोधून काढायचं होतं. मॅडमनी विचारलेल्या त्या दिवसांत नळाच्या एका पाळीचं पाणी जरा गढूळ आलं होतं, भिजल्या पोत्यासारखा वास होता. मला पक्कं आठवत होतं, कारण मी पहिल्या दोन बादल्या सांडून दिल्या होत्या. मग तुरटी फिरवली, दुहेरी फडक्यानं गाळलं. वर स्वच्छ दिसत होतं. तुरटीनं गाळ बसतो, विषाणू बसत नाही. फडक्यातून तो सहज जातो. मी बारावी शिकलेली बाई, मला हे माहीत नव्हतं.

ह्यांनी नळकाम करणाऱ्याला बोलावून आमच्या घरापर्यंतची लाइन उकरली. रस्त्यावरून घरात येणारा लोखंडी पाइप नालीच्या खालून गेला होता. जिथं नाली ओलांडली तिथं तो गंजून पोखरला होता, अंगठा जाईल एवढं भोक. तेवढ्यावरच भागलं असतं तर थोडंफार पाणी बाहेर गळलं असतं. पण आम्ही नळाला थेट मोटर लावली होती. धार बारीक येते म्हणून मागल्या वर्षी ह्यांनीच आणली होती. गल्लीत सगळ्यांकडं होती. त्या माणसानं समजावून सांगितलं की लाइनमध्ये जोर नसताना मोटर सुरू केली की ती पाणी ओढते, आणि पाणी कमी पडलं की भोकाबाहेर जे असेल ते ओढते.

बाहेर नाली होती.

तो माणूस गेल्यावर हे खड्ड्याच्या कडेला तसेच बसून राहिले. मी चहा घेऊन गेले. ते म्हणाले, "मीच ओढलं ते पाणी. बटन मी दाबलं व्हतं."

मी त्यांच्या शेजारी मातीत बसले. मी म्हणाले, "गाळून मी भरलं, प्याले मी. आपल्याला म्हाईत न्हवतं. आता म्हाईत झालं." त्यांना ते पटलं की नाही, माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी ते गल्लीत घरोघरी गेले. कंडक्टर माणूस, तो पोखरलेला पाइपाचा तुकडा हातात घेऊन तिकीट दाखवावं तसा दाखवत होता. भाभींच्या घरी दोन पोरांना कावीळ येऊन गेली होती, तेव्हा कळलं. चार घरांनी मिळून नवे पाइप टाकले, नालीच्या वरून. आता नळाचं पाणी आपल्या जोरानं खालच्या टाकीत पडतं आणि मोटर फक्त टाकीतून वर चढवते. प्यायचं पाणी मी खळखळून उकळते आणि झाकून ठेवते. पाळीचं पाणी वासाचं आलं तर नगरपालिकेत कळवतो आणि ते प्यायला घेत नाही.

तुमच्या घरात पोटुशी बाई असेल तर तिचं पाणी वेगळं उकळा. तिची लघवी गडद झाली, जेवण नको झालं, तर डोळे पिवळे व्हायची वाट बघू नका. एवढंच मला सांगायचं होतं, खरं तर. पण एक गोष्ट राहिली.

दिवाळीत साखऱ्याला गेले. मायनं विहिरीचं पाणी कळशीत आणून तांब्या पुढं केला. मी न घेता विचारलं, उकळलंय का? माय माझ्याकडं बघत राहिली. "ह्याच पाण्यावर वाढलीस की तू," ती म्हणाली. मग चूल पेटवायला बसली. उकळलेल्या पाण्याला धुराचा वास होता, ती तुरट चव गेली होती. न विचारता पाणी प्यायचं सुख माझ्यापुरतं संपलं. त्याची आठवण अजून येते.

दुपारी मी तिच्यासोबत शेतात गेले. बोरीजवळ मायनं चार दगड लावले होते. तिथं उभी राहून मी तिला पहिल्यांदा विचारलं. इतके महिने विचारलं नव्हतं आणि तीही बोलली नव्हती.

"कसा होता गं माय?"

ती खाली बसली. "केस लई व्हते," ती म्हणाली. "काळे कुळकुळीत. कपाळावर आलेले. सिस्टर भली बाई व्हती, मला हात धुवायला लावून आत घेतलं. पेटीला भोक ऱ्हातं बघ, त्यातून बोट घालू दिलं. त्यानं धरलं. सोडंच ना."

मी विचारलं, रडत होता का?

"न्हाई. ऐकत व्हता. मी बोलत व्हते ना त्याच्याशी." माय दगडाशेजारची माती सारखी करत होती. "म्हणलं, तुझी माय खालच्या मजल्यावर हाय. तिला बरं न्हाई म्हणून आली न्हाई. प्रज्ञा नाव हाय तिचं. दोनी दिस तेच सांगितलं. आणखी काय सांगू, सुचंना मला."

मी त्याचं तोंड पाहिलं नाही, आणि ते आता कधी दिसणार नाही. पण त्याला माझं नाव माहीत होतं. ते दोन दिवस माय दोन मजल्यांच्या जिन्यावर वरखाली करत होती, खाली माझा हात धरायला, वर त्याला बोट द्यायला. तिचे आभार मी तोंडानं मानले नाहीत, आमच्यात तशी रीत नाही. तिला वाचता येत नाही. सांची आता जोडाक्षरं वाचायला शिकली आहे. पुढच्या सुट्टीत ती आजीला हे वाचून दाखवेल.