आरशातली जागा

शेतमालक डॉसनने कोठाराचं घर केलं होतं. भिंती जुन्याच, दगडी. आत मात्र सगळं नवं: बाथटब, मोठा ओव्हन, ऐसपैस पलंग. टेबलावर दूध, चहाच्या पुड्या आणि मनुका घातलेला पाव झाकून ठेवलेला. "कॅरॅव्हान सोडलेल्या म्हाताऱ्या जोडप्यांसाठीच केलंय," तो फोनवर म्हणाला होता. "चार रात्री यायचं, आपलं आपण रांधून खायचं, काही ओढत आणायचं नाही." म्हाताऱ्या हा शब्द अव्रिलला तिथेच टोचला होता.

आल्या दिवशी तिने सवयीने खाण्यापिण्याचे दोन्ही क्रेट गाडीतून काढले. बटाटे, सॉसेज, शिट्टीची किटली. ते सगळं एका कपाटाच्या अर्ध्या फळीत मावलं आणि उरलेली कपाटं तिच्याकडे बघत राहिली. कॅरॅव्हानमध्ये, गाडीमागे ओढायच्या त्या चाकांवरच्या खोलीत, बटाटे सोलताना तिचा गुडघा नवऱ्याच्या, डग्लसच्या, गुडघ्याला लागायचा. इथे तो दुसऱ्या खोलीत होता. दोनदा हाक मारल्याशिवाय त्याला ऐकू जात नव्हतं.

आणि खिडकी. स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्या कोपऱ्यावर उघडत होती, जिथे चौतीस उन्हाळे त्यांची कॅरॅव्हान उभी राहिली. पाच कॅरॅव्हानपुरतं शेत, दगडी बांध, नळाचा बुटका खांब, पलीकडे समुद्र. कोपरा अजून रिकामा होता. त्या कोपऱ्यात शिरायचं तर कॅरॅव्हान तिरकी मागे घ्यावी लागे. डग्लस गाडीत बसायचा, अव्रिल मागे उभी राहायची, त्याच्या आरशात दिसेल अशी. हात उघडा म्हणजे ये. मूठ म्हणजे थांब. डावा हात कमरेवर म्हणजे अरे गाढवा, दुसरीकडे. आणि डोक्यावर दोनदा टपली म्हणजे राहू दे, आधी चहा पिऊ. ही शेवटची खूण त्यांच्या पहिल्याच सुट्टीत जन्मली, पावसात, रडकुंडीला आल्यावर. जगात ती दोघांनाच ठाऊक होती.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी डग्लसच्या डोळ्यांत बघितलं आणि गाडीची किल्ली अव्रिलकडे द्यायला सांगितलं. नजरेच्या मधोमध धूसर डाग होता. कडेचं दिसे, समोरचं नाही. त्यामुळे बोलताना तो तिच्या कानापलीकडे बघायचा. कळत असूनही तिला वाटायचं, तिथे कोण उभंय?

त्याने एकच अट घातली होती. "इथे कोणाला सांगायचं नाही. कंबर दुखते म्हणून कॅरॅव्हान विकली, एवढंच." आणि तिने ते पाळलं होतं.

मंगळवारी दुपारी ग्लेनिस आली. एकटी, आपली कॅरॅव्हान ओढत. दर जूनमध्ये ती आणि बर्नार्ड शेजारी असायचे. बर्नार्ड तीन वर्षांपूर्वी गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही काही यायची नाही.

"अडुसष्टाव्या वर्षी शिकली बघ," डग्लस कोट चढवत म्हणाला. "दोन दिवसांचा वर्ग लावला आणि लागली ओढायला."

"ऐकलंय मी. गेल्या जूनमध्येही तू हेच सांगितलं होतंस."

"तूही शिकली असतीस तर..."

"तर काय?"

"काही नाही गं. जरा मदत करून येतो तिला."

ती बटाट्यांकडे वळली. तिला कोणी म्हटलं नव्हतं, शीक. चौतीस वर्षं ती मागे उभी राहिली होती आणि तेच आपलं काम आहे असं तिला वाटत होतं.

खिडकी किलकिली होती, आवाज स्पष्ट येत होते.

"डग्लस! अरे, तुझी कंबर?"

"तुला बघून पळाली."

ग्लेनिस मनापासून हसली. लाल स्कार्फ, उन्हाने रापलेले हात. अव्रिलने सोलाणं जरा जोरात ओढलं. कॅरॅव्हान मागे येऊ लागली, त्याच कोपऱ्याकडे. डग्लस मागे उभा राहिला, अगदी अव्रिलच्या जागी. हात उघडा. हात उघडा. कॅरॅव्हान वाकडी झाली, ग्लेनिस पुढे गेली, पुन्हा मागे आली, पुन्हा वाकडी. तिने काच खाली करून डोकं बाहेर काढलं.

आणि डग्लसने डोक्यावर दोनदा टपली मारली.

"हे काय नवीन?"

"याचा अर्थ, राहू दे, आधी चहा पिऊ."

"कित्ती छान! बर्नार्ड नुसता शिव्या द्यायचा."

अव्रिलच्या हातातला बटाटा पाण्यात पडला.

"एकदा करून बघते, मग चहा," ग्लेनिस म्हणाली.

या वेळी कॅरॅव्हान सरळ आली, फक्त जरा जास्त डावीकडे. नळाचा खांब तिच्या मागच्या कोपऱ्यापासून वीतभर राहिला होता. डग्लस त्याच दिशेला तोंड करून हात उघडा धरून उभा होता. खांब त्याच्या नजरेच्या मधोमध होता, म्हणजे कुठेच नव्हता. अव्रिलला खांब दिसत होता. काचेवर नुसतं बोट वाजवायचं होतं. तिचं वाजवणं तो झोपेतही ओळखायचा. तिने बोट उचललंही.

हसली होती ना? छान म्हणाली होती ना?

एक श्वासभर बोट काचेशी तसंच राहिलं. मग कडकन आवाज झाला.

ती हात न पुसताच बाहेर धावली. मागच्या दिव्याची लाल काच गवतात पडली होती. ग्लेनिस उतरून म्हणत होती, "माझंच चुकलं, मीच जास्त वळवली."

"नाही." डग्लस खाली वाकून हाताने खांब चाचपत होता. "मला खांब दिसला नाही. मला आता दिसत नाही, ग्लेनिस. म्हणून विकली. कंबर ठणठणीत आहे."

 ग्लेनिसने त्याच्या दंडाला हात लावला आणि काचेचे तुकडे ठेवायला डबा आणायला गेली.

"मी खिडकीत होते," अव्रिल म्हणाली. "मला दिसत होता खांब."

डग्लसने तिच्या कानापलीकडे बघितलं. "काच वाजवायची होतीस."

"हो."

"मग?"

"तू तिला आपली खूण दाखवलीस."

तो बोटांनी अजून खांबाची कड चाचपत होता.

"तुला बोललो ते," तो हळूच म्हणाला, "शिकली असतीस तर, ते चुकलं माझं."

"दिव्याचं मी सांगते तिला."

"नको. तिला माझ्यावरच रागावू दे. तुझ्यावर रागावली तर तुला जड जाईल."

ग्लेनिस परत येऊन गाडीत बसली. अव्रिल मागे गेली, आरशात दिसेल अशी उभी राहिली. हात उघडा, हात उघडा, डावा कमरेवर. ग्लेनिस शहाण्या पोरीसारखी ऐकत गेली. खांबापासून हातभर अंतर राखून कॅरॅव्हान कोपऱ्यात शिरली, सरळ, बांधाला समांतर. अव्रिलने मूठ वळली.

ग्लेनिसने आरशातून तिच्याकडे बघितलं, वाट बघत. अव्रिलला कळलं ती कशाची वाट बघतेय. तिने दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले.

मग ती घराकडे वळली. डग्लस दाराशी उभा होता, तोंड समुद्राकडे. तिला बघायचं असलं की त्याला आता असंच दुसरीकडे बघावं लागे. अव्रिल थांबली, खिशातून एक हात काढला आणि डोक्यावर दोनदा टपली मारली.

समुद्राकडे बघतच तो म्हणाला, "दिसलं."